दप्तराच्या दहापट

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. महाराष्ट्राने तर २०१५ मध्येच तसा शासन निर्णय काढला होता. सुज्ञ पालकाला यातून एकच अर्थ निघतो: दप्तर हलकं करायची गरज नाही, मूल जड करा. सात किलोचं दप्तर नियमात बसवायचं तर सत्तर किलोचा विद्यार्थी लागतो. आणि नववी संपता संपता आपण सगळे त्या कामाला लागतोच.

त्याची रीत ठरलेली आहे. आठवी-नववीपर्यंत मुलगी खो-खो खेळते, घामाघूम होऊन येते, चार पोळ्या हाणते आणि आडवी होते. नववीची परीक्षा संपते त्या संध्याकाळी घरात घोषणा होते, "आता दहावीचं वर्ष!" खो-खो बंद, व्हेकेशन बॅच सुरू. जूनमध्ये शाळा उघडली की पी.टी.चा तास गणिताच्या बाई मागून घेतात, पोर्शन राहिलाय. शाळा साडेपाचला सुटते, क्लास सहाला भरतो, मधे वडापाव. शाळेपासून पन्नास मीटरच्या आत असलं तेलकट, खारट, गोड काही विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे, म्हणून गाडी एक्कावन्नाव्या मीटरवर उभी असते. पोरांना तेवढंच चालणं. रात्री आई बुद्धीसाठी बदामाचं दूध देते. ते बुद्धीकडे निघतं खरं, पण कमरेलाच मुक्काम करतं.

मग दिवाळीत आत्या येते. "अगंबाई, केवढी सुटलीस गं! आणि सहामाहीला किती पडले?" दोन्ही आकडे एका दमात. शेजारी धाकटा भाऊ उभा असतो, त्याला "हा बघा काडीपैलवान." केंद्राच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयातली २४ टक्के मुलं वयाच्या मानाने फार बारीक निघाली आणि ५ टक्के जाड. म्हणजे देशातल्या एकोणतीस टक्के पोरांसाठी आत्याकडे मजकूर तयार आहे. उरलेल्यांना ती रंगावरून बोलते.

शाळाही मागे नाही. आरोग्य तपासणीच्या दिवशी हॉलमध्ये वजनकाटा येतो. मुलगी बूट काढते, पट्टा सोडते, केसांतली पिनसुद्धा काढून मैत्रिणीच्या हातात देते आणि काट्यावर चढते. "अडुसष्ट!" सर पुकारतात, कारण मॉनिटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसलेला असतो. मधे सगळा वर्ग. बोर्डाचं गुणपत्रकसुद्धा इतकं जाहीर वाचत नाहीत. त्या दिवसापासून तिचं नाव अडुसष्ट. डबा भरलेला परत यायला लागतो. आईला वाटतं, बरं झालं, मनावर घेतलं एकदाचं. रात्री दोन-दोनपर्यंत दिवा चालू असतो. बाबांना वाटतं, अभ्यास चाललाय. घटक चाचणीत गणितात पन्नासावर येते. घरात तातडीची बैठक बसते आणि निदान होतं, क्लास चुकीचा निवडला! आणखी एक लावला जातो. पोरगी झोपते का, जेवते का, कुणाशी बोलते का, हे विषय बोर्डाला नसल्यामुळे बैठकीत येत नाहीत.

मनाकडे कुणी बघतच नाही असं मात्र म्हणू नका. 'तणावमुक्त परीक्षा' या विषयावर शाळेत व्याख्यान होतं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, मुलं सतरंजीवर मांडी घालून मुंग्या येईपर्यंत. शेवटच्या दहा मिनिटांत पाहुणे सांगतात, ताण घेऊ नका. आभार मानताना मुख्याध्यापक आठवण करून देतात, की शंभर टक्के निकालाची परंपरा यंदा तुमच्या हातात आहे.

सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, पाठोपाठ तेलाचे. उत्तम कल्पना. निकालाच्या दिवशी पेढे वाटायला खूण म्हणून फलक बरा पडतो. सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात टेली-मानस सुरू केलं. १४४१६ फिरवा, दिवसरात्र कधीही, मराठीतही बोला, पैसे पडत नाहीत. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, नंबर लिहून ठेवण्यासारखा आहे. अडचण एवढीच, की दहावीचं वर्ष म्हणून मोबाइल कपाटात आहे आणि किल्ली आईच्या कमरेला. "कुणाला फोन करायचाय? माझ्यासमोर कर."

आता तर सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्या माहितीतल्या एका शाळेने अंमलबजावणीत आघाडी घेतली. पैसे नव्हते, पण माणूस होता. पी.टी.चे सर! त्यांचे सगळे तास गणिताकडे गेल्यामुळे ते रिकामेच बसलेले असत. जिन्याखालची खोली मिळाली, दारावर पाटी लागली. खेळाचं सामान आतच राहिलं, हलवणार कुठे? पहिल्याच आठवड्यात अडुसष्ट आली. बराच वेळ काही बोलली नाही, कोपऱ्यातल्या खो-खोच्या खांबांकडे बघत बसली. मग म्हणाली, "सर, अर्धा तास ग्राउंडवर जाऊ?"

सर म्हणाले, "माझी काही हरकत नाही. गणिताच्या बाईंची चिठ्ठी आण."