पानं दीड लाख, फायदा सतरा तास

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि अख्खं शहर रुमालाआड लपलं. शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, नायडू रुग्णालयासमोर रांगा. कट्ट्याकट्ट्यावर टॅमीफ्लूच्या डोसवर व्याख्यानं सुरू. गोळी हाती पडली की माणूस अर्धा बरा!

त्याच वर्षी जपानमधल्या केइजी हायाशी नावाच्या बालरोगतज्ज्ञानं एक भोचक प्रश्न विचारला. औषधांचे पुरावे तपासणाऱ्या 'कॉक्रेन'च्या अहवालात म्हटलं होतं की ही गोळी फ्लूनंतरची गुंतागुंत टाळते. कशावरून? एका निबंधावरून. निबंध कशावरून? गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या दहा चाचण्यांवरून. त्यातल्या प्रसिद्ध किती? दोन. उरलेल्या आठ? रोश कंपनीच्या कपाटात.

कॉक्रेनचे टॉम जेफरसन आणि मंडळी चाचण्यांचे मूळ कागद मागायला निघाली. एका चाचणीचे लेखक म्हणाले, फायली आता माझ्याकडे नाहीत, कंपनीला विचारा. निबंधावर सही यांची, आकडे दुसऱ्याच्या घरी! कंपनी म्हणाली, देतो की, पण गुप्ततेच्या करारावर सही करा. शिवाय असा करार आहे, हेही कुठं बोलायचं नाही. आपल्याकडे पळून जाऊन केलेलं लग्नही इतकं गुप्त राहत नाही. मग 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं जाहीर पत्रं लिहून कंपनीची पाठ धरली. अखेर २०१३ मध्ये कपाट उघडलं. सगळी मिळून दीड लाखाहून जास्त पानं.

एप्रिल २०१४ मध्ये निकाल लागला. गोळी न घेता मोठ्यांचा त्रास सात दिवसांत कमी होतो, घेतली तर ६.३ दिवसांत. म्हणजे सुमारे सतरा तास वाचले. रुग्णालयात भरती व्हायची वेळ टळते, याला पुरावा सापडला नाही. मळमळ आणि उलट्या मात्र वाढल्या. (अत्यवस्थ रुग्णांबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांनी घालावा. पण कागद समोर ठेवून.) सर्दी औषधानं सात दिवसांत जाते आणि औषधाविना आठवड्यात, हा विनोद आपल्याकडे फुकट मिळतो. ब्रिटननं या गोळ्यांचा साठा करायला ४२ कोटी ४० लाख पौंड मोजले होते.

कपाटाला कुलूप का, असं विचारलं की रुग्णाच्या खासगीपणाचं कारण हमखास पुढं येतं. खासगीपणा जपलाच पाहिजे. त्यासाठी नावगाव काढता येतं, कोण डेटा बघतो याची नोंद ठेवता येते. पण ज्या माणसानं दंड पुढं करून रक्त दिलं, त्याला कुणी विचारलंय का, की बाबा, तुझे आकडे आणखी चार जणांनी तपासले तर चालेल का? तो तर लोकांच्या उपयोगी पडावं म्हणूनच आला होता.

विद्वानांचा कावा आणखी मजेदार. जानेवारी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या संपादकीयात चिंता व्यक्त झाली, की दुसऱ्यानं जमवलेल्या डेटावर जगणाऱ्या 'संशोधक परजीवीं'ची जमात तयार होईल, असं काही संशोधकांना वाटतं. हे परजीवी काय करतील? मूळ संशोधकांचा निष्कर्ष खोडूनही काढतील! विज्ञानात आणखी काय करायचं असतं, हे संपादकांनी सांगितलं नाही. चिडलेल्या शास्त्रज्ञांनी मात्र 'रिसर्च पॅरसाइट' नावाचा पुरस्कारच सुरू केला. दुसऱ्याच्या डेटातून नवं काही शोधेल, त्याला.

आपण या खेळात मागं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना विनवलं की आयसीएमआरकडचा चाचण्यांचा तपशील आम्हाला बघू द्या. तो सरकारबाहेरच्या कुणालाच मिळत नाही आणि बहुधा सरकारातल्याही अनेकांना मिळत नाही, असंही त्यांनी लिहिलं. स्वॅब आपल्या नाकातले, आकडे दिल्लीच्या कुलपात.

आता म्हणे दिवस पालटलेत. जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोमइंडिया' प्रकल्पानं १० हजार भारतीयांचा जनुकीय डेटा संशोधकांसाठी खुला केला. तो फरिदाबादच्या केंद्रात आहे, रीतसर अर्ज केल्यावर मिळतो. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर अर्ज करावा, आणि तो कुठल्या टेबलावर किती दिवस विसावला, तेवढं आम्हाला कळवावं.