छापील किंमत

नाताळची भेट स्वस्त असायला कुणाचीच हरकत नसते. ती स्वस्त आहे हे घेणाऱ्याला कळू नये, एवढंच. आमच्याकडे ते कळतं, कारण आमच्याकडे आत्या आहे. गुरुवार पेठेत वाढलेली, पंचहौदच्या चर्चमध्ये लग्न लागलेली ही बाई भेटवस्तू कागदातून पुरती बाहेर यायच्या आत तिची किंमत सांगते आणि वर ‘अजून चाळीस उतरले असते’ हेही सांगते. तिचाही दोष नाही म्हणा, पाणीच तिथलं. त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९०मध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांपायी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत जावं लागलं होतं. पुण्यात फुकटच्या चहाचासुद्धा हिशोब निघतो, मग माझ्या भेटींचं काय घेऊन बसलात?

डिसेंबरात पगार नोव्हेंबराएवढाच येतो. केकचा सुका मेवा, नवे कपडे, करंज्यांचं सारण, कॅरलवाल्यांच्या पेटीत टाकायचे पैसे असं सगळं वजा जाता या वर्षी भेटींसाठी पंधराशे रुपये उरले. बायको यादी करायला बसली. भाचरं, जावा, नणंदा, धर्मपुत्र, पाळकसाहेब, पाळकबाई. शेवटी तिने लिहिलं, ‘आत्या’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

सगळी अडचण केली ती सरकारने. १९९०मध्ये पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापायची सक्ती आली. ग्राहकाचं भलं झालं. भेट देणाऱ्याचा विचार कुणी केला नाही. लेबल नखाने खरवडलं तर मागे चिकट पांढरा डाग राहतो आणि तो किमतीपेक्षा मोठ्याने बोलतो. त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली तर आत्या आधी चांदणी सोलते. पुस्तक द्यावं तर किंमत पहिल्या दोन-चार पानांत कुठेतरी छापलेली असतेच, आणि ते पान फाडलं की पुस्तक रद्दीतून आणल्यासारखं दिसतं.

कयानीची श्रूजबेरी द्यावी म्हटलं, तर तिचा किलोचा भाव कॅम्पातल्या शाळकरी पोरालाही पाठ. तुळशीबागेतून काही आणावं, तर वस्तू घरात आल्या आल्या स्वतःचा पत्ता सांगते. राहिली बोहरी आळी. तिथे डझनाने घेतलं तर परवडतं. गेल्या वर्षी आम्ही फुलाफुलांचे ट्रे तसेच घेतले. फक्त नाताळच्या दुपारी सगळ्या जावा एकाच घरात जेवायला येतात, हे घाऊक व्यापाऱ्याने सांगितलं नव्हतं. एकीने ट्रे उघडला, मग दुसरीने, मग तिसरीने. चौथीने उघडलाच नाही. आत्या म्हणाली, “डझनाचा काय भाव लावला रे?”

तंगीतल्या भेटींचा विषय निघाला की शिकलेली माणसं ओ. हेन्रीची १९०५ची गोष्ट काढतात. डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट असतात, म्हणून ती केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते. त्याने तिकडे घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. मी एकदा जेवणानंतर ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. हिचे डोळे भरून आले. आत्याने विचारलं, “केसांचे किती आले?” वीस डॉलर. “आणि साखळी?” एकवीस. “म्हणजे भाव केलाच नाही बयेने. आणि कंगवे दुकानदाराने परत घेतले का?”

खरं तर बायबलातच उपाय होता. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस दिला. मागी किती होते, हे मत्तयाने लिहिलेलं नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली. मला तर वाटतं, बरेच जण असतील आणि वर्गणी काढली असेल. ते असो. गंधरस आणणाऱ्याची हुशारी बघा. सोन्याचा भाव कुणीही सांगेल, पण बेथलेहेमात त्या सुताराच्या घरात गंधरसाचा चालू भाव कुणाला ठाऊक असणार? किंमत सांगता येणार नाही अशी वस्तू शोधायची, बस्स.

अशा वस्तू पुण्यात मिळतात जुन्या बाजारात. तो भरतो रविवारी आणि बुधवारी. रविवारी चर्च, म्हणून मी बुधवारी अर्धी रजा टाकून गेलो. कुलपं, ग्रामोफोनचे कर्णे, टायर, एकेकटे बूट यांच्या गर्दीत एक पितळी मेणबत्तीदान दिसलं. कुठल्याशा संस्थानिकाच्या बंगल्यातलं आहे, असं विक्रेत्याने शपथेवर सांगितलं. मला बंगला नको होता. मला लेबल नसलेली वस्तू हवी होती. घासलं, चिंचेने उजळलं, साध्या कागदात बांधलं.

नाताळच्या दुपारी आत्याने कागद सोडला. मेणबत्तीदान उलटं केलं, बुडाशी बघितलं. शिक्का नाही. आतून बोट फिरवलं. डाग नाही. “कुठून आणलंस?” म्हणाली. मी म्हटलं, “एका ओळखीच्यांकडून.” सगळ्या जावा बघत होत्या. आत्या गप्प. आमच्या घराण्यात हे कधी झालं नव्हतं. ही तर दारामागे जाऊन हसून आली.

मग आत्याने ते तळहातावर दोनदा झेललं.

“सूनबाई,” तिने हिला हाक मारली, “तुझा तो केकच्या मैद्याचा वजनकाटा आण गं जरा. आणि मोबाइलवर बघ, पितळ काय किलो चाललंय.”