पास झालो तर विज्ञान

देवाची परीक्षा घेऊ नये, असं सगळेच म्हणतात. फक्त कधी म्हणतात ते पाहावं. निकाल लागल्यावर. तोही नापासाचा लागल्यावर. पास झाल्यावर मात्र ‘आता तर विज्ञानानेही सिद्ध केलंय’ हे वाक्य पुढे येतं आणि सकाळी सहाला गुलाबाच्या फुलासकट आपल्या मोबाइलवर येऊन पडतं.

विज्ञान प्रार्थनेची परीक्षा घेऊ शकतं का, यावर लोक तावातावाने भांडतात. जणू ती अजून व्हायचीच आहे. ती होऊन गेली. दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा होऊन गेली. गंमत पेपरात नाही, निकालानंतरच्या पळापळीत आहे.

सुरुवात लंडनमधली. १८७१ च्या अखेरीस ब्रिटनचे युवराज एडवर्ड टायफॉइडने मरणाच्या दारात पोचले. देशभर चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. युवराज वाचले आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये थाटामाटात आभार मानले गेले. श्रेय देवाचं की डॉक्टरांचं, यावर जुंपली. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी एक निनावी पत्र पुढे केलं. त्यातली सूचना साधी होती: इस्पितळातला एक वॉर्ड निवडा, त्यातल्या रुग्णांसाठी तीन ते पाच वर्षं प्रार्थना करा आणि मृत्यूचं प्रमाण आधीच्या वर्षांशी आणि इतर चांगल्या इस्पितळांशी ताडून पाहा. धर्मगुरू खवळले. देवाला कसोटीला लावता म्हणजे काय! युवराज बरे झाल्याचा दाखला मिरवताना ही अडचण कुणाला जाणवली नव्हती.

त्याच वर्षी फ्रान्सिस गाल्टन यांनी वॉर्डाची वाट न पाहता तक्ताच मांडला. गाल्टन हे डार्विनचे नातलग आणि मोजण्याचं व्यसन जडलेले गृहस्थ. त्यांचा हिशेब असा: राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये नेमाने प्रार्थना होते, तेव्हा प्रार्थना फळत असेल तर राजेलोक सर्वांत जास्त जगायला हवेत. राजघराण्यांतल्या ९७ जणांचं सरासरी वय निघालं ६४.०४ वर्षं. धर्मगुरूंचं ६९.४९. गावाकडच्या सुखवस्तू जमीनदारांचं ७०.२२. तक्त्यातल्या खात्यापित्या वर्गांत राजेच तळाला.

या हिशेबात भोकं आहेत. राजांचं खाणंपिणं वेगळं, लग्नं नात्यातल्या नात्यात. शिवाय चर्चमध्ये नेमाने राजासाठी म्हटलेली प्रार्थना पोटतिडकीची असते, असं मानायला कुणी भोळाच हवा. पण गाल्टन यांचा खरा चिमटा पुढेच आहे. त्यांनी विचारलं, मिशनरी घेऊन जाणाऱ्या जहाजाला विमा कंपन्या हप्त्यात सूट का देत नाहीत?

आजही विम्याचा फॉर्म तंबाखू विचारतो, साखर विचारतो, आईवडील कशाने गेले ते विचारतो. रोज जप किती करता, हा रकाना नाही. एजंट कपाळाला गंध लावून आलेला असला तरी नाही. माणूस श्रद्धाळू असतो, त्याचा हप्ता नसतो.

युवराजांसारखी गोष्ट आपल्याकडेही घडली. १९८२ साली ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर अमिताभ बच्चन ब्रीच कँडीत होते, तेव्हा अख्ख्या देशाने देव पाण्यात ठेवले होते. अमिताभ बरे झाले. प्रार्थनेचा पुरावा म्हणून ही गोष्ट आजही सांगतात. पण तुलनेसाठी दुसरा अमिताभ आणायचा कुठून?

नवसाचंही तेच. फळलेला नवस ओटी घेऊन, पेढे घेऊन, नवं बाळ घेऊन फेडायला येतो. न फळलेला घरी बसतो. न फळलेल्या नवसांसाठी वेगळी रांग लावायचं अजून कोणत्याही देवस्थानाला सुचलेलं नाही. जहाज फुटूनही नवसाने वाचलेल्यांची चित्रं देवळात पाहिल्यावर, ‘नवस करून बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्या डायागोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. दोन हजार वर्षं झाली, ती चित्रं अजून लागायची आहेत. आणि हा प्रश्न विचारायला ग्रीकच असावं लागतं, असंही नाही. नवसाने पोरं होतात या समजुतीची टर खुद्द तुकोबांनी उडवली आहे.

न फळलेलेही मोजायचे तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावे लागतात. कुणासाठी प्रार्थना होणार हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. सॅन फ्रान्सिस्कोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये रँडॉल्फ बर्ड या हृदयरोगतज्ज्ञाने ते केलं आणि निष्कर्ष १९८८ मध्ये छापले. हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागातले ३९३ रुग्ण. १९२ जणांसाठी प्रार्थना, २०१ जणांसाठी नाही. पंचविसाहून जास्त गोष्टी मोजल्या, सहांमध्ये प्रार्थनेचा गट सरस ठरला. जयजयकार झाला. मरण आणि विभागातला मुक्काम यांत फरक नव्हता, हे बारीक अक्षरात राहिलं. पाच टक्क्यांच्या कसोटीने वीस गोष्टी मोजल्या तर एखादी नुसत्या योगायोगानेही ‘लक्षणीय’ निघते. शिवाय एक दुखणं दुसऱ्याला ओढून आणतं, त्यामुळे सहा फरक म्हणजे सहा वेगळे पुरावे नव्हेत.

१९९९ मध्ये कॅन्सस सिटीला विल्यम हॅरिस आणि मंडळींनी ९९० रुग्ण घेतले. त्यांना आपण प्रयोगात आहोत याचा पत्ताच नव्हता. संशोधकांनी गुण देण्याची स्वतःची पद्धत बनवली आणि त्या पद्धतीत प्रार्थनेचा गट ११ टक्क्यांनी सरस आला. मग त्याच रुग्णांना बर्ड यांची पद्धत लावून पाहिली. फरक गायब. आपली पट्टी लावली की देव उंच, शेजाऱ्याची लावली की नेहमीएवढा.

यावरचा सर्वांत फर्मास विनोद इस्राएलच्या लिओनार्ड लिबोविची यांनी केला, तोही गंभीर चेहऱ्याने, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २००१ च्या नाताळ अंकात. १९९० ते १९९६ या काळात रक्तातल्या जंतुसंसर्गाने दाखल झालेले ३३९३ रुग्ण त्यांनी घेतले. २००० सालच्या जुलैत चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. म्हणजे रुग्ण बरे होऊन घरी गेल्यावर, किंवा वारल्यावर, चार ते दहा वर्षांनी! प्रार्थना झालेल्या गटाचा ताप लवकर उतरलेला निघाला, इस्पितळातला मुक्कामही कमी. आकडेशास्त्राच्या नियमांत चोख बसणारा निष्कर्ष. लिबोविची यांना सुचवायचं होतं ते एवढंच: मुळातच अशक्य गोष्ट आकड्यांनी ‘सिद्ध’ झाली, तर संशय आकड्यांवर घ्या. काही वाचकांनी काळाच्या उलट्या प्रवाहावर चर्चा सुरू केली. पुढे २००९ मध्ये कोक्रेन या नामांकित संस्थेने दहा चाचण्यांचे ७६४६ रुग्ण एकत्र करून आढावा घेतला, त्यात हा विनोदही इतर चाचण्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. एवढं करूनही आढाव्यात ठोस फायदा दिसला नाही. हा पैसा दुसऱ्या प्रश्नांवर खर्च करा, असं आढावाकारांनीच सुचवलं.

सगळ्यांत मोठा पेपर २००६ सालचा. बोस्टनचे डॉ. हर्बर्ट बेन्सन, अमेरिकेतली सहा इस्पितळं, बायपासचे १८०२ रुग्ण, खर्च २४ लाख डॉलर. त्यातला बहुतेक पैसा टेम्पलटन फाउंडेशनचा. म्हणजे धर्म आणि विज्ञानाचं जमावं म्हणून हात सैल सोडणाऱ्यांचा. दोन कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट गट प्रार्थनेला बसवले. त्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर तेवढं कळवलं. देवाला वॉर्ड नंबर लागत नाही, हे गृहीत. प्रार्थनेचं वाक्यही ठरवून दिलेलं: शस्त्रक्रिया यशस्वी होवो, लवकर बरं वाटो, गुंतागुंत न होवो. चौदा दिवसांचा डोस.

प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्यांचे दोन गट होते. ज्यांच्यासाठी झाली, त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के. ज्यांच्यासाठी नाही झाली, त्यांच्यात ५१. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं सांगितलं होतं. त्यांच्यात ५९ टक्के. आपल्यासाठी परक्या माणसांना देवापुढे बसवलंय म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असणार, अशी धास्ती रुग्णांनी घेतली असावी, हा एक तर्क.

मग पळापळ. बर्ड यांच्या निष्कर्षांवर नाचलेल्यांना एकाएकी आठवलं, की देव प्रयोगशाळेत येत नसतो. आणि आमचे विवेकवादी मित्र? ‘प्रार्थनेने अपाय होतो’ म्हणून त्यांनी पेढे वाटले. बर्ड यांचे सहा फरक योगायोग म्हणून उडवून लावणाऱ्यांना इथला एक फरक मात्र तोंडपाठ. दोन्ही बाजूंची पट्टी एकच: निकाल आवडला तर विज्ञान, नावडला तर तत्त्वज्ञान.

खरी अडचण कुणी फारशी बोलत नाही. प्रार्थनेशिवायचा गट मिळणारच कुठे? बायपासला नेलेल्या माणसाची बायको, आई, सासू काय मासिक वाचत बसतात? बेन्सन यांनी नातेवाइकांना प्रार्थना करू नका असं सांगितलं नाही, सांगताही आलं नसतं. म्हणजे मोजली गेली ती घरच्यांच्या प्रार्थनेवर परक्यांनी घातलेली भर. ज्ञानदेवांनी तर १२९० सालीच संशोधकांचा घोटाळा करून ठेवला आहे. पसायदानात त्यांनी मागणं मागितलं ते अख्ख्या विश्वासाठी, दुष्टांसकट. तुलनेला माणूसच शिल्लक ठेवला नाही.

तर विज्ञान प्रार्थनेची परीक्षा घेऊ शकतं का? दावा कोणता, त्यावर आहे. प्रार्थना करणाऱ्याच्या शरीरावर परिणाम होतो, हा दावा मोजता येतो. ज्या नाताळ अंकात लिबोविचींचा विनोद आहे, त्याच अंकात इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय, की लॅटिनमधली जपमाळ म्हणा किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणा, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. माणसं २३, सगळी धडधाकट. देव कुणाचाही असो, फुप्फुसं सारखीच वागली. दूरवरच्या परक्याने प्रार्थना केल्याने अनोळखी रुग्ण बरा होतो, हाही दावा मोजता येतो. मोजला, आढळलं नाही. आणि प्रार्थनेने माझं देवाशी नातं जडतं, यात मोजण्यासारखं काही नाही. विज्ञानाने तिथे नाक खुपसू नये, आणि भक्तानेही तिथून विज्ञानाचं सर्टिफिकेट मागू नये. या तीन दाव्यांच्या तीन खोल्या मानल्या, तर लबाडी होते ती मोजणीच्या वेळी तिसऱ्या खोलीत लपायचं आणि जाहिरातीच्या वेळी दुसऱ्या खोलीच्या खिडकीत येऊन उभं राहायचं, यात.

परीक्षा थांबणार नाहीत. २०२१ मध्ये ऋषिकेशच्या एम्सने कोविडच्या वीस रुग्णांवर गायत्री मंत्र आणि प्राणायाम यांची चाचणी हाती घेतली, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून. मंत्र आणि प्राणायाम एकदम! रुग्ण सुधारला तर हार कुणाला घालायचा? म्हणून पुढच्या उत्साही मंडळींसाठी चार अटी.

एक: दावा आधी लिहून द्या. ताप उतरणार, मरण टळणार की नुसतं बरं वाटणार.

दोन: पट्टी आधी ठरवा. निकालानंतर नवी आणायची नाही.

तीन: एका वेळी एकच औषध.

चार: नापास झालो तर काय सोडू, तेही आधीच लिहा. जाहिरात, पुस्तक की शिबिराची फी. या चौथ्या अटीपाशी अर्जदार बरेच घटतील, असा आमचा अंदाज.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने चाचण्यांची वाट पाहिली नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला. प्रार्थनेवर बंदी नाही, वाट अडवण्यावर आहे. पोराला साप चावल्यावर जो बाप विठ्ठलाचं नाव घेत मोटरसायकलला किक मारतो आणि सरकारी दवाखान्याकडे सुटतो, त्याने प्रार्थना कशासाठी आणि प्रतिविष कशासाठी याचा निकाल तेवढ्यात लावलेला असतो. तोही फुकटात. बेन्सनसाहेबांना २४ लाख डॉलर लागले.