एकपात्री माणसाचं बिऱ्हाड

नटाच्या घरी जन्माला आलेल्या मुलाला दोन बाप मिळतात. एक भलता विनोदी. तो तिकीट काढणाऱ्यांच्या वाट्याला जातो. दुसरा दुपारी बारापर्यंत झोपलेला असतो, आणि त्याची झोपमोड करायची नसते.

‘द सेव्हन लिटल फॉइज’ या १९५५ सालच्या हॉलिवूडपटात या दोन बापांची एकमेकांशी ओळख होते. एडी फॉय हा व्होडव्हिलचा खराखुरा नट होता. गाणी, नाच, नकला, कसरती असं सगळं एकाच तिकिटात दाखवणाऱ्या त्या अमेरिकी खेळांत त्याचं नाव मोठं. पडद्यावर तो झालाय बॉब होप. या एडीचा बाणा साधा आहे : मी एकटा. जोडीदार नको, बायको तर मुळीच नको. असा पण करणाऱ्याचं पुढे जे होतं तेच त्याचं होतं. मॅडलिन नावाची इटालियन नर्तकी भेटते, लग्न होतं, पाळणा हलतो आणि हलतच राहतो. एडी मात्र कायम दौऱ्यावर. एकपात्री बाण्याला बाधा नको म्हणून तो एक एक करून सात मुलं घरी ठेवतो आणि स्वतः बाहेर राहतो.

मग बायको जाते. घरात उरतात सात पोरं आणि त्यांना जेमतेम तोंडओळख असलेला एक गृहस्थ. या गृहस्थाला जगात एकच गोष्ट येते, म्हणून तो पोरांना उचलून रंगमंचावर उभं करतो. त्यांना ना गाता येत, ना नाचता. प्रेक्षक नेमके त्यावरच खूष होतात. दुसऱ्याच्या घरातला गोंधळ पाहायला माणूस आनंदाने पैसे मोजतो. स्वतःच्या घरचा फुकट मिळतो म्हणून त्याची कदर नसते.

खरी हकीकत इतकी आटोपशीर नव्हती. खऱ्या एडीची लग्नं चार. मॅडलिन त्यातली तिसरी. मुलं अकरा झाली, जगली सात. आणि ही वरात व्होडव्हिलमध्ये निघाली तेव्हा आई चांगली हयात होती. ती गेली १९१८ मध्ये. पण आई घरात असताना बाप पोरांना घेऊन गावोगाव हिंडतोय म्हटलं, तर प्रेक्षकांची सहानुभूती कोणाला जायची? पटकथाकारांनी तिला बरीच आधी निरोप दिला आणि आधीच्या बायकांचा विषयच काढला नाही. या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. आपल्यापैकी कोणी घरी इतकी सफाईदार काटछाट करून हकीकत सांगितली, तर नामांकन सोडा, चहासुद्धा मिळत नाही.

तरी हा माणूस निव्वळ नाटकी नव्हता. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉ थिएटरला आग लागली तेव्हा ‘मिस्टर ब्लूबिअर्ड’चा दुपारचा खेळ चालू होता, आणि एडीने थोरल्या ब्रायनला सोबत आणलं होतं. त्याने आधी पोराला बाहेर काढायची सोय केली. मग स्वतः बाहेर पडण्याऐवजी वेषातच परत रंगमंचावर आला, लोकांना शांत राहायला सांगू लागला, वादकांना वाजवत राहायला लावलं. सहाशेहून अधिक माणसं त्या आगीत गेली. त्याने जमेल तितका वेळ जागा सोडली नाही. पोराचा बाप आणि लोकांचा नट यांच्यात तो आयुष्यभर गल्लत करत आला, पण त्या दुपारी दोघांनी आपापली कामं बरोबर वाटून घेतली.

सिनेमातला सगळ्यात देखणा प्रसंग नटमंडळींच्या फ्रायर्स क्लबातला. बॉब होप आणि त्या काळचा गाजलेला नट जॉर्ज एम. कोहॅन झालेला जेम्स कॅग्नी जेवणाच्या टेबलावर चढून नाचतात. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. पायांना कोणी तसं कळवलेलं दिसत नाही. या कामाचे कॅग्नीने पैसे घेतले नाहीत. उमेदवारीच्या उपाशी दिवसांत फॉय मंडळींच्या घरी आपल्याला जेवण मिळायचं, असं त्याचं म्हणणं. ज्या घरात बापाचाच पत्ता नसे, तिथे दुसऱ्यांच्या पोरांचं ताट मात्र मांडलेलं असे. जेवणाचं ऋण जेवणाच्याच टेबलावर नाचून फेडणारा पाहुणा मात्र विरळा.

त्या सात पोरांतही बापाची हौस उरलीच होती. या सिनेमाची गोष्ट आपल्याला ऐकवणारा आवाज खुद्द चार्ली फॉयचा आहे. धाकट्या एडी फॉयने तर याच्या आधीच ‘यँकी डूडल डँडी’सह चार सिनेमांत बापाची भूमिका केली होती. घरी बाप पुरेसा वाट्याला आला नाही, म्हणून पोराने तो स्वतःच करून घेतला. एडीला बापाची भूमिका जमायला सात मुलं लागली. मुलाला चार सिनेमे पुरले.