तेल्हाऱ्यात व्हॅक्यूम क्लीनर : नवशिक्यांसाठी

यंत्र खोक्यातून काढण्याआधी खिडकीकडे पाहावं. एप्रिल-मे असेल तर तिथं कुलर असतोच. नसला तर घरमालक गावी गेले समजा. तो कुलर अख्खा दिवस बाहेरची हवा आत ओढतो आणि ती निघून जावी म्हणून मागचं दार तुम्हीच उघडं ठेवलेलं असतं. आता खोक्यावरचं ‘हेपा’ वाचा. हसू आलं तर पहिला धडा झाला.

हेपा गाळणी 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवते. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात. तिथं किरणोत्सारी धूळ अडवायची होती. आकडा 0.3 चाच का? मोठे कण तंतूंवर आपटतात, फार बारीक कण भरकटत जाऊन चिकटतात, निसटतात ते मधले. आपल्या काळ्या मातीतले चिकणकण 2 मायक्रॉनहून लहान. गाळणीला ते जड नाहीत. फसते ती यंत्राची बांधणी. झाकणाचं रबर सैल असलं, की हवा गाळणीला वळसा घालून निघते आणि 99.97 खोक्यावरच राहतात.

म्हणून कवडसा-परीक्षा घ्यावी. दुपार कलली, की खोलीत अंधार करा, पश्चिमेची खिडकी बोटभर उघडा आणि यंत्राचं मागचं तोंड त्या उन्हात धरा. धुळीची रेघ दिसली तर यंत्र नापास. आमच्या यंत्रानं पहिल्याच दिवशी असा फुफाटा सोडला, की आजीनं निमूट फडा आणून हातात दिला. “घे बाप्पा, हा समोरून उडोते, मांगून नाई.”

भाव वाढायची वाट पाहत खोलीत कापूस भरून ठेवला असेल, तर तिथं यंत्र नेऊच नये. रुईचे तंतू ब्रशला गुंडाळतात, गाळणीवर नमद्यासारखा थर धरतात, आणि मोटार तापते. गाळणी जितकी बारीक, तितकी लवकर तुंबते, हे विकणारा सांगत नाही. पिशवी घरात झटकू नये. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, ओल्या कागदावर ओतावी. धुता येणारी गाळणी पुरती वाळल्याशिवाय बसवू नये.

घरात दमेकरी असेल आणि त्याची खोली खरोखर बंद राहत असेल, तर पक्क्या झाकणाचं, पिशवीवालं हेपा यंत्र घ्या. बाकीच्यांना साधी गाळणी आणि ओला पोछा पुरे. उरलेल्या पैशांत कुलरच्या ताट्या बदला, गेल्या साली राहून गेल्या होत्या.