देशावर विश्वास, एक्स्पायरी मंगळवारी

भारत ही गुंतवणुकीची सुवर्णसंधी आहे, याबद्दल आमच्या सोसायटीत आता दुमत उरलेले नाही. एके काळी होते. तेव्हा लोक पोस्टात पैसे ठेवत आणि एलआयसीचा एजंट जिन्यात दिसला की घरातला दिवा घालवून गप्प बसत. १९९२ साली हर्षद मेहताचा फुगा फुटल्यावर तर 'शेअर' म्हटले तरी आजी कानांवर हात ठेवायच्या. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. आता ती २० कोटींच्या वर गेली आहेत. टाळेबंदीत माणसे घरी बसली, केक करायला शिकली, आणि केक बसल्यावर त्यांनी ॲप उतरवून घेतले.

आमचे खजिनदार त्यांतलेच. 'सध्या काय चाललंय?' असे कोणी विचारले की ते म्हणतात, "इंडिया ग्रोथ स्टोरीत आहे." मग तरुण लोकसंख्या, यूपीआय, महामार्ग, सेमीकंडक्टर असा वीस वर्षांचा पट उलगडतो. जरा खोदून विचारले तर कळते की या वीस वर्षांच्या गोष्टीतले त्यांचे प्रकरण मंगळवारी दुपारी साडेतीनला संपते. त्यांच्याकडे निफ्टीचा वीकली कॉल असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारवर आली, तेव्हा त्यांनी दत्ताचा गुरुवार सोडून गणपतीचा मंगळवार धरला. दीर्घकालीन गुंतवणूकदाराला असे जुळवून घ्यावे लागते.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने एक अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सर्वसामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. मी ही बातमी मुद्दाम खजिनदारांना वाचून दाखवली.

"अहो, म्हणजे सात टक्के कमावतात ना?" ते म्हणाले. "मी दुसरं काय सांगतोय?"

या सात टक्क्यांत आपणच आहोत, अशी खात्री ९३ टक्क्यांना असते. त्याच अहवालात असेही आहे की तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोक पुढेही खेळतच राहिले, आणि खेळणाऱ्यांपैकी तेवढ्याच लोकांचे जाहीर केलेले वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला. मराठी माणसाला धंद्यात जोखीम घेता येत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी हे पान कापून ठेवावे. (त्यात मुंबईतले सगळेच आले म्हणा, पण पहिला नंबर आला की आपण असे बारकावे पाहत नाही.)

आता कोणी म्हणेल, पैसे हवेत तर विरघळत नाहीत, मग गेले कुठे? अजिबात विरघळले नाहीत. २०२३-२४ या एका वर्षात, खर्च धरण्याआधीच, किरकोळ आणि इतर मंडळींनी सुमारे ६१ हजार कोटी गमावले. त्याच वर्षी दलालपेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांत सुमारे ३३ हजार कोटींचा नफा जमा झाला आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या खात्यांत २८ हजार कोटींचा. बेरीज करून पाहा. आमच्या सोसायटीचा ताळेबंद इतका चोख जुळल्याचे मला आठवत नाही. परदेशी मंडळींचा बहुतेक नफा यंत्रांनी कमावलेला. समोर न्यूयॉर्कचा संगणक आणि इकडून खजिनदार, तेही लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून. बोगद्यात रेंज गेली की यांचा स्टॉपलॉस देवाच्या हवाली. वर दोन्ही पक्षांकडून दलाली घेणारे दलाल आणि कर घेणारे सरकार. भारतावर अढळ विश्वास ठेवून कमवायचे असेल, तर खरी जागा ही.

सगळेच ऑप्शन्समध्ये नाहीत. काही सावध लोक फक्त आयपीओ भरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या रिसोर्सफुल ऑटोमोबाइल या कंपनीचा आयपीओ आला. दुचाकींची दोन दुकाने, आठ कर्मचारी, हवे होते १२ कोटी. लोकांनी अर्ज केले ४,८०० कोटींच्या आसपासचे, म्हणजे चारशेपट. एवढ्या पैशात ती दुकानेच काय, आजूबाजूची बाजारपेठ विकत घेता आली असती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही अर्ज केला होता. कंपनी करते काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, "ऑटोमोबाइल सेक्टर आहे." शेअर लागला नाही म्हणून दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. बाजारात तो उघडला अर्जाच्याच किमतीला, ११७ रुपयांना. हे कळल्यावर काकांनी आपण दूरदृष्टीने वाचलो असे जाहीर केले.

या वातावरणात गेल्या रविवारी सर्वसाधारण सभा झाली. लिफ्टचे दोर झिजले आहेत. ते सिंकिंग फंडातून बदलावेत, असा विषय होता. खजिनदार उठले. फंड एफडीत सडतोय, महागाई त्याला खातेय, देश कुठे चाललाय आणि आपण कुठे आहोत. तेव्हा आधी रक्कम बाजारात दुप्पट करावी, मग दोरच काय, नवी लिफ्टच बसवू. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी सहकारी कायद्याचे कलम ७० काढले. त्यांचा मुद्दा असा, की सोसायटीचा पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेसारख्या सुरक्षित ठिकाणीच ठेवावा लागतो.

तळमजल्यावरचे नागपूरकर भाऊ खो-खो हसले. नागपूर जिल्हा बँकेने २००२ च्या सुमारास दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले होते. सरकारी रोखे, म्हणजे सुरक्षिततेचा कळस. रोखेही आले नाहीत, पैसेही आले नाहीत. दीडशे कोटींचा घोटाळा, आणि निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडले.

"बघा," खजिनदार म्हणाले, "रिस्क सगळीकडेच आहे. मग निफ्टीच काय वाईट?"

याला सेक्रेटरींकडे उत्तर नव्हते. वडे गार होत होते. अखेर लिफ्टचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला, आणि तोवर चौथ्या मजल्याच्या वरच्या सभासदांनी दीर्घकालीन दृष्टिकोन ठेवून जिना वापरावा, असा ठराव बहुमताने मंजूर झाला.