तेरावं अंडं

कोंबडीपालनाचा हिशेब कागदावर कधीच चुकत नाही. एक खुडूक कोंबडी, बारा अंडी, एकवीस दिवस. मग बाराची चोवीस आणि चोवीसची शंभर. पोलादपूरच्या डोंगरात बसून मी हा हिशेब मांडत होतो, तेव्हा कोंबडीने नुसती मान वाकडी करून बघितलं. तिला पुढचं ठाऊक असावं.

शिमग्याला बारातली नऊ फुटली. दोन घारीने नेली, तीही मी अंगणात उभा असताना. एक मुंगसाने. राहिली सहा. कोंबड्यांच्या मानमोडी रोगावर लस असते, लासोटा. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात एक थेंब, बस. पण कुपी शंभर पिल्लांची. ती महाडहून बर्फात आणायची आणि एकदा फोडली की दोनेक तासांत संपवायची. सहा पिल्लांचा मालक चौऱ्याण्णव थेंब घेऊन कोणाच्या दारात जाणार? गेलो नाही. जूनमध्ये पाऊस लागला, खुराड्यातला भुसा भिजला तो वाळेचना, आणि चार पिल्लांनी माना टाकल्या.

उरले ते दोन्ही कोंबडे. एक गावदेवाला बोललेला होता. दुसरा आषाढात मुंबईकर पाहुण्यांच्या वड्यांसोबत गेला. “गावठी चव ती गावठीच! इथे तुम्हाला फुकटात,” असं म्हणून त्यांनी रस्सा परत वाढून घेतला.

कोंबडी पुन्हा खुडूक झाली आहे. यंदा अंडी तेरा ठेवलीत.